माळ्यावरचा अकरा वर्षांचा कोरा टायर बुलेटला चढवू का?

हेळवाककर
नमस्कार मंडळी. आण्णांची २००३ ची बुलेट ३५० आता मी चालवतो. पुढं-मागं दोन्हीकडं ३.२५-१९ चेच टायर. मागच्याचा पार गोटा झालाय आणि मिरग तोंडावर आलाय. परवा माळा झाडताना खताच्या गोणीमागं खिळ्याला टांगलेला कोरा टायर सापडला. आण्णांनी कधीतरी घेऊन ठेवलेला, "लागंल" म्हणून. (त्याच माळ्यावर दोन क्लच केबल, एक चेन आणि बिनझाकणाचा स्टोव्हही निघाला. माणूस काही टाकायचाच नाही.)

टायर एक किलोमीटरही पळालेला नाही. रबराचे केस जागेवर, मधली रंगीत रेघसुद्धा शाबूत. कडेला लंबगोलात २३१४ लिहिलंय. ऊन लागलेलं नाही, पण वर पत्रा आहे.

दर शनिवारी चिपळूणहून घरी येतो, म्हणजे पोफळी ते हेळवाक कुंभार्ली घाट आलाच. दोन-अडीच हजार वाचत असतील तर वाचवायचेत. खरं सांगायचं तर पैशांपेक्षा आण्णांनी आणलेला टायर गाडीला लागावा असं वाटतंय. चढवू का?

पान्हा_१०_१२
भाऊ, २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा, जूनचा पहिला. टायरचं वय तिथनं मोजायचं, बिल फाडलं त्या दिवसापासनं नाही. केसांवर जाऊ नका. केस म्हणजे टायर पळाला नाही एवढंच. रबर जुनं झालं का नाही ते केस सांगत नाहीत.

गॅरेजला येतात असे टायर. आमची पद्धत सांगतो. अंगठ्याचं नख नक्षीच्या गठ्ठ्यात दाबा. चांगल्या रबरात नख रुततं आणि खूण हळूहळू भरून येते. मग टायर दोन्ही हातांनी उलटा वाकवा आणि नक्षीच्या खाचेत बॅटरी मारून बघा. सरळ ठेवलेल्या टायरला भेगा दिसत नाहीत, वाकवल्यावरच तोंड उघडतात. आतल्या बाजूनंही हात फिरवा. आणि खिळ्याला टांगलेला म्हणताय, तर खिळ्यावर टेकत होता तिथला बीड, म्हणजे रिमला धरणारी टायरची आतली कड, बघा. अकरा वर्षं सगळं वजन त्या एका जागेवर.

रबराचा_वास
टायरच्या कारखान्यात मिक्सिंगला होतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

"वापरलाच नाही म्हणून चांगला राहिला" हे टायरला लागू नाही. रबरात आम्ही मेण आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं घालतो. गाडी पळते तेव्हा टायर सारखा दबतो-सुटतो आणि ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. जुन्या टायरवर तपकिरी थर दिसतो ना, पोरं घासून काढतात, तो हाच. पडून असलेल्या टायरला ही कसरत नसते. त्यातून पत्र्याखालचा माळा. साधारण १० अंश तापमान वाढलं की रबर म्हातारं होण्याचा वेग दुपटीच्या आसपास जातो, असा आमचा ठोकताळा. एप्रिल-मेच्या दुपारी तुमच्या माळ्यावर काय होत असेल ते तुम्हीच बघा. थंड, अंधाऱ्या खोलीत उभा ठेवलेला तीन वर्षांचा टायर मी डोळे झाकून घेईन. माळ्यावरचा अकरा वर्षांचा नाही.

मिशेलिन ही टायर कंपनी सांगते की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा झाल्यावर दिसायला चांगला असला तरी बदला. तुमचा दोन्ही रेषा ओलांडून गेलाय.

आणि कडक रबर कोरड्या रस्त्यावर फसवतं. तिथं सगळं ठीक वाटतं. कळतं ते पहिल्या पावसात, ब्रेक दाबल्यावर.

गुऱ्हाळ_एक्सप्रेस
एवढं काय घाबरवताय राव! आमच्या स्प्लेंडरला नऊ वर्षांचा पडून असलेला टायर घातला, चार हजार किलोमीटर झाले. गावातनं शेतात, शेतातनं कारखान्यावर. काही झालं नाही.

पान्हा_१०_१२
@गुऱ्हाळ_एक्सप्रेस तुमची गाडी चाळीसच्या वर जात नसणार आणि रस्ता सपाट. शिवाय स्प्लेंडर आणि बुलेट यांच्या वजनात एक पोतं साखरेचा फरक आहे. यांना घाट उतरायचाय, तेही पावसात.

हेळवाककर, अजून एक. नवीन टायर दुकानातनं घेतानाही ते चार आकडे वाचूनच पैसे द्या. गेल्या साली एका दुकानानं माझ्याच गिऱ्हाइकाला साडेपाच वर्षांचा टायर "आजच गाडीतनं उतरला" म्हणून दिला. उतरलाही असेल आजच, बनला कधी ते नाही सांगितलं. आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, टायर फिरवून बघा. तीनच आकडे दिसले तर तो २००० च्या आधीचा, त्याला हार घाला.

हेळवाककर
काल संध्याकाळी कोयनानगरला पंक्चरवाल्याकडं घेऊन गेलो. नख दाबलं तर नखच दुखलं. शेजारी पुढच्या चाकावर दाबलं तर रुतलं. फरक तिथंच कळला. मग त्यानं टायर गुडघ्यावर धरून उलटा वाकवला. वरून काळाभोर दिसणारा टायर, पण खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा, ओळीनं, सगळीकडं. आणि खिळ्याच्या जागी बीड चेपलाय, बोट फिरवलं की खड्डा लागतो. पंक्चरवाला म्हणाला, "लिव्हर लावला की इथंच फाटंल, आणि माझ्या नावावर जाईल."

नवीन सांगितलाय, या वर्षातलाच आकडा बघून. जुना घरी परत आणलाय. आई म्हणाली टाकू नको, मग पुन्हा माळ्यावर. या वेळी खिळ्याला नाही.

एक राहिलं. टायरच्या आत घडी घालून ट्यूबपण होती, पावडर लावलेली. ती तरी चालेल का?

पान्हा_१०_१२
घड्यांवर कापली असणार ती. नवीन ट्यूब घ्या, सोबत रिम टेपही (रिमच्या आतली पट्टी) बदला, नाहीतर आरे ट्यूबला टोचतात. जुनी ट्यूब आडवी कापून कॅरिअरला बांधायला रबर करा, आण्णांनी तेच केलं असतं.