समुद्रावरून घरी काय आणलं? (अनुभव धागा)

मागच्या महिन्यात देवबागला चार दिवस राहून आलो. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांखाली घर. खोलीत एक पलंग, भिंतीला दोन खुंट्या, कपडे वाळत घालायला एक दोरी. चार दिवस कशावाचून अडलं नाही. मग फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापुरात आलो, घरचं कपाट उघडलं आणि वर कोंबलेल्या चादरी अंगावर आल्या.

सुट्टीत साधं राहणं सोपं असतं. घरी आल्यावर, दूधवाला, शाळेची रिक्षा, पै-पाहुणे सुरू झाल्यावर त्यातलं काय टिकलं, हे मला तुम्हा कोल्हापूरकरांकडून ऐकायचंय. कोकण, केरळ, अंदमान, बाली, कुठलाही समुद्र चालेल. निदान सहा महिने टिकलेली एखादी गोष्ट लिहा. फसलं असेल तर तेही लिहा, त्याचाही उपयोग होतो.

मंगळवार पेठेतून

माझा अनुभव रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्याचा. मालवणजवळ सकाळी किनाऱ्यावर फिरत होतो. होडीनं समुद्रात अर्धगोल फिरून जाळं टाकलं होतं आणि त्याच्या दोन टोकांचे दोर धरून वीस-पंचवीस माणसं मागं मागं सरकत होती. म्हातारे, पोरं, दोन बायका. मी तालमीत वाढलेला माणूस, म्हटलं आपणही हात लावू. दहा मिनिटांत तळहात सोलले. शेजारचे आजोबा सत्तरीचे असतील, पण त्यांचा दोर एकदाही सैल पडला नाही. ते हातानं ओढतच नव्हते. दोर कमरेला टेकवून अख्ख्या अंगाचा भार मागं टाकायचे. मला तसं उभं करून दाखवलं आणि मग जमलं.

दीड-दोन तासांनी जाळं वाळूवर आलं. तारली, बांगडे, थोडी मांदेली. लगेच वाटे पडायला लागले. मी बाजूला झालो तर आजोबांनी हाक मारली, "दोरी वढलास मां? मगे वाटो घेवक होयो." केळीच्या पानावर सात बांगडे. मी पैसे काढले, तर त्यांचा चेहरा उतरला. तो चेहरा अजून आठवतो. चूक माझी होती. वाटा विकत घ्यायचा नसतो.

घरी येऊन काय केलं? आमच्या गल्लीत प्रत्येक घरात शिडी, प्रत्येक घरात ड्रिल मशीन, प्रत्येक घरात पन्नास माणसांचा रस्सा होईल असलं पातेलं. वर्षातून एकदा वापरायचं आणि माळ्यावर टाकायचं. आम्ही चार घरांनी ठरवलं, नवीन काही घ्यायचं तर चौघांत एक. दोन वर्षं झाली. शिडी आमच्या जिन्यात असते, पातेली समोरच्या काकूंकडं. यात्रेच्या जेवणाला तांबडा-पांढरा त्याच पातेल्यांत होतो आणि भांडी घासायलाही चौघांच्या घरची माणसं येतात. एकदा ड्रिलवरून वाद झाला, मिटला.

ताराबाई पार्कातून

आम्ही २०२३ च्या मार्चमध्ये बालीला होतो. २२ मार्चला आपला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी त्यांचा न्येपी, म्हणजे गप्प राहून पाळायचं नववर्ष. आपल्या पंचांगात शके १९४५ लागलं, त्यांच्याकडंही १९४५. मला हे तिथं पोचल्यावर कळलं आणि अंगावर काटा आला.

आदल्या संध्याकाळी मोठमोठ्या राक्षसांच्या प्रतिमा नाचवत मिरवणुका, कानठळ्या बसतील असा दणका. आणि सकाळपासून चोवीस तास सगळं गप्प. विमानतळ बंद, रस्त्यावर कुणी नाही, हॉटेलच्या दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, मोबाईलचा डेटा बंद. चूल नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. दुपारपर्यंत मुलं रडकुंडीला आली आणि खरं सांगते, मीही. चार वाजता धाकटी मांडीवर येऊन पडली आणि आम्ही नुसत्या भिंतीवरची पाल बघत बसलो. रात्री पडदे ओढून, दिवे मालवून गच्चीत गेलो. इतक्या चांदण्या मी लहानपणी आजोळच्या अंगणात पाहिल्या होत्या, त्यानंतर त्या रात्री.

आता पाडव्याला गुढी उतरवली की आमच्या घरात फोन आणि टीव्ही दुसऱ्या सकाळपर्यंत बंद. वर्षातून एकच संध्याकाळ, पण आम्ही पाळतो. दर रविवारी करायचा प्रयत्न दीड महिन्यात बारगळला.

शुक्रवार पेठेतून

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. आईच्या पैठणीपासून मुलाच्या दप्तरापर्यंत सगळं चिखलात गेलं. लोक म्हणतात, पुरानं वस्तूंचा मोह सुटतो. माझं उलट झालं. पुढची तीन वर्षं मी भीतीपोटी सगळं दुप्पट आणत राहिले. दोन मिक्सर, बारा चादरी, साबणाची खोकी.

मग अंदमानला गेलो. माझी बॅग विमान कंपनीनं चेन्नईतच ठेवली, पाच दिवस पत्ता नाही. अंगावर एक ड्रेस, पर्समध्ये एक ओढणी. शहीद द्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, एका टपरीतून सुती गाऊन घेतला. संध्याकाळी ड्रेस धुवायचा, माडाला बांधलेल्या दोरीवर टाकायचा, सकाळी दमट असेल तसाच घालायचा. तिसऱ्या दिवशी लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर बसले असताना जाणवलं, सगळं पुन्हा गेलंय आणि मी रडत नाहीये. पुरानंतर पहिल्यांदा छातीवरचं ओझं हललं.

घरी आल्यावर खोकी उघडली. निम्मं सामान वाटलं. कागदपत्रं आणि आईचे फोटो तेवढे वरच्या मजल्यावर नेऊन ठेवले. पाऊस वाढला की अजून धडधडतं, नाही असं नाही.

कसबा बावड्यातून

केरळात एका घरी उतरलो होतो. जेवणाबरोबर गुलाबीसर कोमट पाणी देत. पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं. तेव्हापासून घरी बाटलीतली पेयं आणत नाही. उन्हाळ्यात वाळ्याचं पाणी, एवढंच.

राजारामपुरीतून

मी मूळची वेंगुर्ल्याकडची, लग्न होऊन इथं आले. वरचे अनुभव आवडले, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्हाला जिथं साधं वाटलं, त्या घरात माझी वहिनी पहाटे चारला उठते. पाहुण्यांसाठी उकड्या तांदळाची पेज, नारळ खवणं, सोलकढीचा रस काढणं, विहिरीवरून पाणी. तिच्याकडं काही वाया जात नाही कारण तिला ते परवडत नाही. माडाच्या झावळीचे हीर सोलून केरसुणी, नारळाची सोडणं चुलीला, करवंटीचा डाव, किसलेल्या नारळाचा चोथा कोंबड्यांना. हे ती आवडीनं करते, पण कंबर दुखते म्हणूनही सांगते. तिला मिक्सर हवा होता, आम्ही गेल्या दिवाळीत दिला.

त्यामुळं सुट्टीला गेलात तर आपलं ताट आपण घासा. तिथं शिकलेल्यातलं हे सगळ्यात सोपं आहे.

पुन्हा मंगळवार पेठेतून

वेंगुर्ल्याच्या ताईंचं वाचलं. बरोबर आहे. त्या सात बांगड्यांचं कालवण आम्हाला ज्या काकींनी करून दिलं, त्यांचं पातेलंसुद्धा आम्ही तसंच टाकून निघालो होतो.

पुढच्या महिन्यात परत मालवणला चाललोय. कापशीच्या कोल्हापुरी चपलांची एक जोडी रापणीवरच्या आजोबांसाठी घेतलीय, पैशांचं नाव न काढता द्यायची. मापाचा अंदाज वाळूतल्या पावलांवरून केलाय, चुकलं तर बदलून आणीन. आणि दोर धरायला हातमोजे नेणार नाही. तळहात घट्ट व्हावेत म्हणून रोज सकाळी तालमीतल्या दोरावर चढतोय.