काटा फक्त ट्रॅफिकमध्येच चढतो तेव्हा

दादा, तुमच्या जुन्या डिझेल एसयूव्हीचा इंजिन तापमानाचा काटा साकीनाक्याच्या सिग्नलला वर चढतो आणि हायवेला लागलं की आपोआप खाली येतो, असं तुम्ही म्हणताय. मग वरच्या प्रतिक्रियांत दोघांनी सुचवलंय तसं थेट हेड गॅस्केटवर (इंजिनच्या हेडखालचं सील) उडी मारू नका. वेगात वारा रेडिएटरमधून आपसूक जातो, थांबल्यावर सगळी भिस्त फॅनवर. संशयित तिथेच.

जुन्या डिझेल एसयूव्हीत बहुधा व्हिस्कस क्लचचा (आतल्या घट्ट तेलाच्या जोरावर इंजिनसोबत फिरणारा) फॅन असतो. इंजिन बंद, पूर्ण थंड, आणि मग फॅन हाताने फिरवा. थोडा जड लागायला हवा. टिचकी मारल्यावर भिरभिरत राहिला तर आतलं सिलिकॉन ऑइल गेलं समजा. क्लचवर तेलकट काळा थर दिसला तर विचारायलाच नको. इलेक्ट्रिक फॅन असेल तर एसी लावून तो फिरतो का बघा, नाहीतर फ्यूज आणि रिले तपासा.

दुसरं, एसी कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत टॉर्च मारा. मुंबईची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल तिथे नमद्यासारखा बसतो. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, हलक्या प्रेशरने. जोरात मारलंत तर फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, वाकतात.

कूलंट वरचेवर कमी होत असेल, टाकीत बुडबुडे येत असतील, तरच गॅस्केटचा विषय. आणि मेकॅनिक ‘थर्मोस्टॅट काढून टाकू’ म्हणाला तर साफ नाही म्हणा. तो तापमान बघून कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह; काढला की इंजिन थंडच धावतं, डिझेल जास्त पितं, आणि मूळ दुखणं तसंच.

तोवर वाटेत काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल, म्हणजे इंजिनची उष्णता तिकडून निघते. घाम निघेल, पण इंजिन वाचेल. गरम असताना रेडिएटरची कॅप मात्र उघडू नका.