कुडाळजवळ दोन एकर वरकस (उताराची हलकी जमीन): माणगा बांबू लावू की बल्कोवा?

गडग्यापलीकडे: काजूच्या खालच्या अंगाला दोन एकर पड आहे. बांबू लावायचा विचार आहे. एक रोपवाला बल्कोवाची टिश्यू कल्चर रोपं घ्या म्हणतो. माल इथेनॉलला जाईल, खरेदीचा करारही देतो. घरचे म्हणतात माणगाच लाव. माझं गावी येणं गणपतीत आणि मे महिन्यातच. तोडायला परवानगी लागते का?

बेटवाला: डोळे मिटून माणगा लावा, दादा. बिनकाट्याचा, सरळ, बुंध्याकडे जवळजवळ भरीव. टोमॅटोला, मांडवाला आधार म्हणून घाटावर गाड्या भरून जातो आणि नगावर विकला जातो. बल्कोवा वाईट नाही, पण तो जाड बांबू, त्याचं गिऱ्हाईक वेगळं. बांबूपासून इथेनॉल करणारा कारखाना आसामात, नुमालीगडला आहे. कुडाळचा माल तिथे कोण नेणार? वजनावर विकायचा बांबू भाड्यातच संपतो. करारावर सही करण्याआधी माल कुठल्या कारखान्यात उतरणार ते लेखी मागा.

परवानगीचं म्हणाल तर 2017 साली वन कायद्यात बदल झाला. वनाबाहेरचा बांबू आता 'झाड' धरला जात नाही. सातबाऱ्यावर नोंद मात्र करून घ्या.

मिरगाची_सर: बेटवाल्यांशी सहमत. 5 बाय 4 मीटरवर एकरी 200 बेटं बसतात. कातळावर नको, माती खोल हवी. पहिली तीन वर्षं गुरं आणि साळिंदर कोंब ठेवत नाहीत, तेव्हा आधी राखणीला माणूस बघा, मग लावायला कंद (काठीचा जमिनीतला बुंधा).

आपल्याकडे बांबूला पीक मानतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं. लागेल तेव्हा बाहेरची काठी ओढायची, आत जुनं तसंच. बेट गच्च होतं, कोंब वाकडे येतात. दरवर्षी बुंध्याला मातीची भर घाला. पांढरी भुकटी आणि पेरावर वाळकं आवरण असलेली काठी यंदाची, तिला हात लावू नका. तीन वर्षांची, डाग पडलेली काढा. कोयता पेराच्या गाठीच्या लगेच वर चालवा, खुंटात पाणी साचलं की कुजतं. तोड थंडीत करा, पावसाळ्यात नाही. ओल्या दिवसांतल्या काठीला भुंगा लवकर लागतो.

गडग्यापलीकडे: दोघांचे आभार. राखणीचं डोक्यातच नव्हतं. शेजारच्या काकांना विचारतो, ते तयार असतील तर या जूनला एकाच एकरात माणगा. कंद कुडाळ-सावंतवाडीकडे कोणाच्या जुन्या बेटातून मिळतील का?

बेटवाला: मिळतील. एक-दोन वर्षांच्या काठीचाच कंद घ्या, मुळांसकट, आणि काढला त्याच दिवशी लावा.