ड्रमरने मागेच बसावं? फिल कॉलिन्सवरून पेटलेला धागा

रामबागचा श्रोता
काल 'जुनी कॅसेट' यांनी इथे लिहिलं, "ड्रमर माइकपुढे आला की बँडचं वाटोळं. फिल कॉलिन्सने जेनेसिसचं तेच केलं. ठेका धरणाऱ्याने ठेका धरावा." हे वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

1975 मध्ये जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचा गायक पीटर गेब्रियल बँड सोडून गेला. उरलेल्यांनी नवा गायक शोधायला कितीतरी जणांना बोलावून पाहिलं. आलेल्यांना चाली म्हणून दाखवायला कोण होतं? हाच ड्रमर, फिल कॉलिन्स. 1970 पासून तो गेब्रियलच्या मागे आवाज लावत होता, 1973 च्या अल्बममधलं एक गाणं तर पूर्ण त्याचंच आहे. शाळकरी वयात लंडनच्या रंगभूमीवर गाऊन-नाचून आलेला मुलगा होता तो. 1976 मध्ये त्याच्या आवाजातला पहिला अल्बम आला आणि गेब्रियलच्या काळातल्या सगळ्यांपेक्षा जास्त खपला. वाटोळं ते हेच का?

आता 1981 चं त्याचं पहिलं स्वतःचं गाणं घ्या, 'इन द एअर टुनाइट', सगळ्यांना तोंडपाठ असलेलं. लग्न मोडलेलं, घरात एकटा, त्यात लिहिलेलं. पहिली साडेतीन मिनिटं खरे ड्रम नाहीतच. एक यंत्र बारीक ताल धरून आहे, वर सुरांचं धुकं, आणि हा जवळजवळ बोलल्यासारखा गातो. 3 मिनिटं 40 सेकंदांच्या आसपास ड्रम कोसळतात. मी बी.एस्सी.ला असताना इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या एका खोलीत मित्राच्या डेकवर ते पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा हातातला चहा सांडला होता. गाणारा निव्वळ गायक असता तर दुसऱ्या कडव्याला ड्रम मागितले असते. जो आयुष्यभर ड्रम वाजवतो त्यालाच ते एवढा वेळ अडवून धरता येतात. गायक आणि ड्रमर एकाच अंगात असल्याशिवाय हे गाणं होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

जुनी कॅसेट
श्रोते, तुम्ही मनापासून लिहिलंत, मीही मनापासूनच लिहितो. 1976 च्या अल्बमबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या दहा वर्षांची आहे. ज्या बँडने 1972 मध्ये तेवीस मिनिटांची रचना केली, तोच 1986 मध्ये 'इन्व्हिजिबल टच' या साडेतीन मिनिटांच्या रेडिओच्या गाण्यावर आला. अमेरिकेत तो एकदाच पहिल्या क्रमांकावर पोचला, ते याच गाण्याने. खपलं म्हणून चांगलं, हा हिशोब सराफ्यातल्या दुकानांना ठीक आहे, गाण्याला लावू नका.

आणि ज्या ड्रमच्या आवाजाने तुमचा चहा सांडला, तो सापडला कुठे? 1980 मध्ये, गेब्रियलच्या अल्बमवर. ड्रम कॉलिन्सचेच होते, मान्य. पण झांजा अजिबात वाजवायच्या नाहीत ही अट गेब्रियलची. स्टुडिओतल्या वादकांचं बोलणं ऐकायचा माइक छताजवळ टांगलेला होता, त्याच्यावर आवाज जबर दाबणारा कॉम्प्रेसर होता. तो चुकून चालू राहिला आणि ड्रम राक्षसासारखे ऐकू आले. ह्यू पॅडगम नावाच्या इंजिनिअरने त्यावर गेट लावला, म्हणजे आवाज घुमायला लागतो आणि दार आपटल्यासारखा मध्येच तुटतो. श्रेय वाटायचं तर नीट वाटा.

शिवाय तो गायला उभा राहिला की मागे कोण वाजवायचं? 1976 च्या दौऱ्यात बिल ब्रुफर्ड, 1977 पासून चेस्टर थॉम्पसन. म्हणजे ठेका सोडूनच तो गायक झाला. माझा मुद्दा तुमच्याच माणसाने सिद्ध केला.

रामबागचा श्रोता
मधल्या लांब वाद्यतुकड्यांना तो मागे जाऊन बसायचा, चेस्टरबरोबर दोन सेटांची जुगलबंदी व्हायची, ती विसरलात. आपले वसंतराव देशपांडे तबला उत्तम वाजवत. मैफलीत ते गायचे तेव्हा साथीला तबलजी दुसराच असे. मग वसंतरावांची लय गेली कुठे? गळ्यातच होती ना.

ठेका
भिया, मी फारसं लिहीत नाही, पण इथे दोघेही बाहेरून बोलताय. अठरा वर्षं इंदूरच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले, मग ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र, आला आणि सेट माळ्यावर गेला.

गाता गाता वाजवणं म्हणजे काय ते सांगतो. माइकचा दांडा डावीकडून तोंडापुढे येतो, त्यामुळे मान वाकडी. हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, उजवा हात डाव्यावरून गेलेला, म्हणजे छाती आवळलेली. श्वास घ्यायची जागा चाल ठरवत नाही, किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, पाय ठरवतो. लांब सूर धरलेला असताना ड्रमचा फिल, म्हणजे ओळींमधली जागा भरणारा तुकडा, आला की सूर थरथरतो. म्हणून असा माणूस स्वतःसाठी चाल करतो तेव्हा ओळी तोडून तोडून करतो, मध्ये जागा सोडतो. त्या 1981 च्या गाण्यातल्या ओळी ऐका, किती सुट्या आहेत.

आता माझी गोष्ट. एका लग्नात मुख्य गायक आलाच नाही. दोनशे मैलांवरून वऱ्हाड आलेलं. मी सेटवर बसूनच सव्वादोन तास गायलो, वाजवतही होतो. खाली उतरलो तेव्हा शर्ट पिळून घ्यायची वेळ. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याने पाकीट दिलं, त्यात फक्त ड्रमचा रेट. म्हणाला, "गाणं तर तू हौसेने गायलास." गायकाचे पैसे त्याच्या खिशात राहिले. त्यामुळे ड्रमरने मागेच बसावं असं कोणी लिहिलं की मला फिल कॉलिन्स नाही दिसत, ते पाकीट दिसतं.

देवास नाका
हे बरोबर बोललात. साथीदाराच्या मानधनाचा विषय काढलाच आहे तर होऊनच जाऊ द्या. माझे काका तबला वाजवत. निमंत्रणपत्रिकेवर गायिकेचा फोटो, संवादिनीवाल्याचं नाव बारीक, आणि काकांचं नाव "व साथीदार" यात. ज्या गावात होळकरांच्या दरबारी नाना पानसे पखवाज वाजवत होते, ज्यांच्या नावाचं घराणं आहे, त्याच गावात ही गत.

जुनी कॅसेट
विषय कॉलिन्सचा आहे.

देवास नाका
विषय हाच आहे. मागे बसणाऱ्याला नाव आणि पैसा कधी मिळतो? तो लिहायला लागतो तेव्हा. क्वीनचा रॉजर टेलर बघा. 1975 मध्ये त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', सिंगल म्हणून आलं, तेव्हा तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरने लिहिलेलं, त्यानेच गायलेलं गाणं होतं. तबकडी एकच, त्यामुळे मागच्या बाजूची रॉयल्टीही तेवढीच. बँडमध्ये यावरून भांडणं झाली. शेवटी 1989 च्या अल्बमपासून सगळी गाणी चौघांच्या नावावर टाकायला लागले, तेव्हा शांतता. दुसऱ्या बाजूला लेव्हन हेल्म. 'द बँड' नावाच्या बँडचा ड्रमर, त्यांच्या किती गाण्यांना त्याचाच आवाज. पण लेखक म्हणून नाव बहुतेक त्यांच्या गिटारवादकाचं, रॉबी रॉबर्टसनचं. हेल्म मरेपर्यंत म्हणत राहिला की गाणी सगळ्यांनी मिळून घडवली होती. 1998 मध्ये त्याला घशाचा कर्करोग झाला. त्यातून उठून तो घरच्या कोठारात मैफली करायला लागला, तिथे पुन्हा गायला लागला.

जुनी कॅसेट
हेल्मचं तुम्ही एकाच बाजूने मांडताय. रॉबर्टसनचं म्हणणं होतं की मी कागदावर लिहिलं, म्हणून नाव माझं. ठेका कितीही सुंदर असला तरी त्याला गाणं लिहिणं म्हणत नाहीत. कायद्यातही लेखक म्हणून सहसा शब्द आणि चाल करणाऱ्यालाच धरतात.

ठेका
मग तो कायदा ठेक्यावर चालणाऱ्या पोटांचा नाही. माझ्या एका फिलवरून लोक गाणं ओळखायचे आणि नाचायला उठायचे. ते घडवणारा मी कोणी नाही? असं म्हणणाऱ्याबरोबर मला पुढे बोलायचं नाही.

सुदामानगर
शांत व्हा दोघंही. संक्रांत जवळ आली आहे.

तिहाई
मला दोन्ही बाजूंचा राग आला आहे, म्हणून लिहिते. श्रोतेकाका, तुमच्या सगळ्या लिखाणात एक गोष्ट गृहीत आहे की मागून पुढे येणं म्हणजे बढती. पुढे आला, जिंकला. पुढे ढकललं गेलेल्यांचं काय?

'कार्पेंटर्स' या भावंडांच्या जोडीतली कॅरन कार्पेंटर. तिला ड्रमरच म्हणवून घ्यायला आवडायचं. शाळेच्या बँडमध्ये शिकली, ड्रम वाजवता वाजवता गायची. मग सगळ्यांना वाटलं, सेटमागे ती दिसत नाही, गायिका दिसायला हवी. तिला उठवून माइकपुढे उभं केलं, ड्रमवर दुसरा माणूस बसवला. तिला लपायला जागा राहिली नाही. 1983 मध्ये वयाच्या 32 व्या वर्षी गेली. तिचा आजार वेगळा होता, तो मी यावर ढकलत नाही. पण तिच्या जुन्या चित्रफिती बघा, सेटमागे ती किती मोकळी आहे.

मी तबला शिकत होते, इंदूरमध्येच. आठ वर्षं. दादऱ्याचा ठेका घासून हाताला घट्टे पडले होते, अजून उजव्या तर्जनीच्या टोकाला कडक जागा आहे. डग्ग्याची मींड मनासारखी यायला दोन वर्षं गेली. स्पर्धेला नाव द्यायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी फॉर्म परत केला. म्हणाल्या, "आवाज छान आहे, गायनात नाव घाल, मुलगी मंचावर मांडी घालून डग्गा घुमवताना बरी दिसत नाही." घरच्यांनाही ते पटलं. गायनात दुसरी आले. बक्षिसाचा पेला आईच्या काचेच्या कपाटात आहे, मी त्याला हात लावत नाही.

म्हणून 'जुनी कॅसेट' काका, ठेका धरणाऱ्याने ठेका धरावा हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त हवं होतं, ते त्या दिवशी माझ्या बाजूने कोणीतरी म्हणायला हवं होतं. आणि श्रोतेकाका, पुढे जायचं की मागे राहायचं हे वाजवणाऱ्याने ठरवायचं. कॉलिन्सला ते ठरवता आलं म्हणून त्याचं कौतुक करा.

रामबागचा श्रोता
ताई, हे मी धरलंच नव्हतं. चूक माझी. बढती हा शब्द मी वापरला नाही, पण मनात तोच होता.

एक मात्र सांगू द्या. कॉलिन्सला ते शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. 2009 मध्ये मानेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर हातांना काठी धरवेना. पुढच्या वर्षीच्या अल्बमसाठी त्याने काठ्या हाताला चिकटपट्टीने बांधून वाजवलं. जेनेसिसच्या 2021-22 च्या शेवटच्या दौऱ्यात तो खुर्चीवर बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा निक. 26 मार्च 2022, लंडन, शेवटचा कार्यक्रम. मी तो दौरा मोबाइलवर पाहिला. मुलगा बापाचा तो प्रसिद्ध फिल वाजवतो तेव्हा खुर्चीतल्या माणसाकडे बघवत नाही.

देवास नाका
आणि त्या दौऱ्यात तिकीट कोणाच्या नावावर विकलं? मुलाच्या नावावर नाही. मानधनाचा मुद्दा तिथेच येतो. आपल्याकडे निदान पत्रिकेवर साथीदाराचं नाव गायकाइतक्याच अक्षरात छापावं, एवढं तरी आपल्या मंडळांनी ठरवावं. रवींद्र नाट्यगृहाच्या पुढच्या कार्यक्रमापासून मी स्वतः आयोजकांना भेटून सांगणार आहे. कोण येतंय बरोबर?

ठेका
मी येतो. ते पाकीट अजून जपून ठेवलंय, घेऊन येतो.

जुनी कॅसेट
मी पुढे बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण तिहाईताईंचं वाचून राहवलं नाही. माझं वाक्य त्यांच्या कामी आलं असतं असं त्या म्हणतात, पण मी ते तशा अर्थाने लिहिलं नव्हतं हे मला कबूल करावं लागेल. मी लिहिलं तेव्हा ड्रमर म्हणजे कमी, असंच मनात होतं. ते मागे घेतो. ठेका, तुमच्या गाण्याच्या रेटबद्दलही तुमचंच बरोबर.

बँडबद्दलचं मत मागे घेत नाही. काल रात्री 1976 चा अल्बम परत लावला. पहिल्या गाण्यात गेब्रियल एकदाही आठवला नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्याला आठवला, आणि मग शेवटपर्यंत आठवत राहिला.

तिहाई
काका, तिसऱ्यापासून परत एकदा ऐका, फक्त डग्ग्याच्या जागी किक धरून. आणि देवास नाका, आयोजकांकडे जायचा दिवस कळवा, मलाही यायचं आहे.