अनुभव धागा: ज्यू शाळेतले सण, डबे आणि बाकावरची मैत्री

खडकवाली

काल रात्री नातीचा अश्दोदहून फोन आला. वय वर्षे सात. पुरीमच्या सणाला तिच्या शाळेत सगळी मुलं सोंगं घेऊन येतात, हिला एस्तेर राणी व्हायचंय. आणि राणीला नऊवारीच हवी! "आजी, तू कोणाबरोबर तरी पाठव, हिरवी, काठाची." तिच्या आईला नेसवता येत नाही, म्हणून व्हिडिओ कॉलवर मी नेसवायची असं ठरलंय.

फोन ठेवला आणि माझी शाळा आठवत बसले. माझगावची सर एली कदूरी शाळा. 1875 साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी 'इस्राएलाइट स्कूल' म्हणून सुरू केली, पुढे कदूरींच्या देणगीवर उभी राहिली आणि त्यांचं नाव लागलं. मी साठच्या दशकात तिथे प्राथमिकला होते. आमच्या घरात पुरीमला होळीचा सणच म्हणत, आणि दोन्ही बरेचदा एकाच आठवड्यात यायचे. पुरणपोळी दोन्हीला. वर्गात बाई एस्तेरची गोष्ट सांगायच्या आणि ज्यूंच्या जिवावर उठलेल्या हामानचं नाव आलं की आम्ही पाय आपटायचो. काही मुलं चपलेच्या तळाला खडूने 'हामान' लिहून यायची, गोष्ट संपेपर्यंत नाव पुसलं गेलं पाहिजे. माझ्या शेजारची मुलगी इतक्या जोरात पाय आपटायची की चपलेचा अंगठा तुटायचा. दर पुरीमला तिच्या चपलेला सेफ्टी पिन.

ती चौथीत असताना गेली, इस्रायलला. त्या काळात दर सत्राला कोणीतरी जायचं. हजेरीत बाई नाव घ्यायच्या, मग थांबायच्या, मग पेनाने आडवी रेघ. ती रेघ ओढताना बाई वर बघत नसत.

ज्यू शाळेत शिकलेले, शेजारी राहिलेले, डबा खाल्लेले, कोणीही असाल तर लिहा. धर्माची अट नाही, आमच्या वर्गातही नव्हती.

शाईपेन

वाचनखूण साठवली. सावकाश लिहितो, लोकलमध्ये आहे.

सकाळची_पाळी

ताई, रेघेचं वाचून पोटात तुटलं. मी ज्यू नाही, आगरी. पण आमच्या ज्यू शाळेत शनिवारी सुट्टी आणि रविवारी शाळा. 1987 ला सगळी मुंबई रविवारी सकाळी टीव्हीसमोर हात जोडून बसलेली, रस्ते ओस, आणि मी दप्तर घेऊन शाळेत चाललेलो!! सोमवारी चाळीतली पोरं मला भाग सांगायची आणि त्याबदल्यात गोट्या घ्यायची.

पण शनिवारी अख्खं मैदान आमचं असायचं हेही खरं.

भायखळ्याची

सलाम सगळ्यांना. मी जेकब ससून शाळेची, मॅगन डेव्हिड सिनेगॉगच्या (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आवारातली. माझ्या वेळेला वर्गात जवळजवळ सगळ्या आम्ही मुसलमान मुली. घड्याळाचा मनोरा खिडकीतून दिसायचा. 1864 चं सिनेगॉग, डेव्हिड ससून यांनी बांधलेलं, हे आम्हाला तोंडपाठ होतं कारण पाहुणे आले की कोणालाही उभं करून विचारायचे.

सुक्कोतच्या दिवसांत आवारात झावळ्यांचा मांडव पडायचा. आम्ही मधल्या सुट्टीत लांबून बघायचो, तर एक वयस्कर काका आत बोलवायचे आणि वर बघा म्हणायचे. झावळ्या मुद्दाम विरळ ठेवतात, आतून आकाश दिसलं पाहिजे, रात्री तारे दिसले पाहिजेत. वाळवंटातून चाळीस वर्षं चाललेल्या लोकांची आठवण ती. मला ते इतकं आवडायचं की घरी गच्चीवर चादर बांधून मी तसं करायला गेले. अम्मी म्हणाली दोरीवरची चादर आधी काढ.

आणि अजून एक. मांडवात हिब्रू पाटी असायची. आम्ही घरी कुराण वाचणाऱ्या, उजवीकडून डावीकडे वाचायची डोळ्यांना सवय. अक्षरं येत नव्हती पण सुरुवात कुठून हे आम्हाला बरोबर कळायचं. काकांना त्याचं फार कौतुक.

मोदकप्रेमी

पुरीमला पुरणपोळी?? हे मला आज कळतंय. अजून काय काय असतं खायला? हलव्याबद्दल ऐकलंय.

खडकवाली

@मोदकप्रेमी हलवा नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशाना, आमचं नववर्ष. भायखळ्याची, तुझ्या चादरीवर मी मनापासून हसले ग.

नागाव_फाटा

माझी शाळा ज्यू नव्हती, जिल्हा परिषदेची, अलिबागकडची. चालेल का? वर्गात तीन इस्रायली मुलं होती (म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू), आडनावं सगळी आपल्यासारखीच -कर. गावावरून पडलेली. म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून 'शनवार तेली', कारण पूर्वी तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. अलिबागात इस्रायल आळी आजही आहे, मागेन अबोथ सिनेगॉग तिथलंच.

खंडाळ्याकडे (घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं) एलिया हनबीचा, म्हणजे एलिया प्रेषितांचा, खडक आहे. त्यांच्या रथाच्या चाकाची खूण म्हणतात. नवस फेडायला लोक यायचे, मलिदा करायचे आणि आजूबाजूच्या पोरांना पहिला वाटा. आम्ही वर्ग बुडवून गेलेलो आहोत. गुरुजींना कळलं तेव्हा त्यांनी छडी काढली, मग मित्राच्या आईने गुरुजींसाठी पाठवलेला द्रोण पुढे केला. छडी परत गेली.

शाईपेन

@नागाव_फाटा नागावात आमची वाडी होती! तुम्ही कोणत्या आळीतले? बंदराकडचे की देवळाकडचे?

नागाव_फाटा

देवळाकडचे. तुम्ही ते सुपारीवाले तर नव्हे?

शाईपेन

तेच!! अहो तुमच्या विहिरीवर पोहायला शिकलो मी. विचारपुशीत लिहितो.

दिमोनाहून

शालोम मंडळी. टायपिंग सांभाळून घ्या, फोनवर मराठी कमी लिहिते.

आम्ही 1969 ला इस्रायलला आलो, मी दुसरीत. दिमोना म्हणजे वाळू. शाळेत पहिल्याच आठवड्यात एका मुलाने विचारलं, तुम्ही खरे ज्यू का? मला प्रश्नच कळला नाही, हिब्रू तेवढी येत नव्हती. घरी येऊन बाबांना शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ह्यासाठी आपली माणसं उपोषणाला बसली होती, 1964 साली क्नेसेटने (इथली संसद) ठराव करून सांगितलं की बेने इस्रायल सगळ्या बाबतीत पूर्ण ज्यू आहेत. उद्या त्याला सांग. मी ठराव कसला सांगणार, सात वर्षांची मी.

पण मग 'तू बिश्वात' हा सण आला. इथे त्या दिवशी शाळेतली मुलं रोपं लावतात, झाडांचं नववर्ष. आणि आपल्याकडे कोकणात तोच दिवस एलिया हनबीचा उरूस! आईने मलिदा केला. पोहे मुंबईहून आलेल्या काकांनी आणलेले, ते ती महिनाभर जपून होती. पोहे, साखर, खोबरं, वेलची, वर फळं. मोठा डबा भरून स्वतः शाळेत आली, साडी नेसून, त्या वाऱ्यात. रोप लावून झाल्यावर सगळ्यांना मूठ मूठ. तो प्रश्न विचारणारा मुलगा तीनदा आला मागायला. आईने तीनदा दिला. मला तेव्हा रागच आला होता तिचा.

आज तो आणि मी एकाच गल्लीत राहतो. त्याच्या नातवंडांना मलिदा माहीत आहे.

सौ_वरणभात

तुमच्या आईंना नमस्कार. बाकी लिहायला सुचत नाही.

सकाळची_पाळी

+१

कोथरूडकर

माझे आजोबा पुण्यात लाल देवळाजवळ राहायचे (ओहेल डेव्हिड, 1867 चं, लाल विटांचं म्हणून सगळे लाल देऊळच म्हणतात). शेजारच्या बेने इस्रायल कुटुंबाकडे पेसाहला (इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण) त्यांना बोलावणं असे. तिथे वाचायचं पुस्तक, हगादा, ते मराठीत होतं ह्याचं आजोबांना फार अप्रूप. एका पानावर हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. 1874 साली पुण्यातच छापलेला. मुंबईत तर 1846 लाच निघाला होता. आमच्या घरच्या कितीतरी पोथ्या त्याच्या नंतरच्या.

तिसरी_ब

पेसाहवरून आठवलं. आमच्या शाळेत सुट्टी लागायच्या आधी खोटा खोटा सेदर, म्हणजे पेसाहच्या रात्रीचं विधीचं जेवण, करायचे. चार बाकं जोडून त्यावर पांढरी चादर, बिनखमीर भाकरी, खजुराचा शिरा, काळ्या मनुकांचं सरबत, मिठाचं पाणी. सगळ्यांत लहान मुलाने चार प्रश्न विचारायचे असतात, आजची रात्र वेगळी का म्हणून. आमच्या वर्गात सगळ्यांत लहान मी. आणि मी देशस्थ ब्राह्मण! हिब्रूच्या बाईंनी आठवडाभर मधल्या सुट्टीत बसवून पाठ करून घेतलं. मा निश्तना... अजून येतं. घरी म्हणत फिरायचो तर आजी म्हणाली कोणतं स्तोत्र रे हे, चाल छान आहे.

आई जरा घाबरली होती की लोक काय म्हणतील. बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, प्रश्न विचारायला लहान असणं पुरतं. आईने चहा टाकला.

खजुराचा शिरा बोटाने चाटत होतो सगळे. तो विटांच्या चिखलाची आठवण म्हणून असतो, गुलामीतल्या. असा गोड चिखल.

मोदकप्रेमी

बिनखमीर म्हणजे यीस्ट नाही ते ना? आणि अनाशी ढाकाचा सण असं कुठेतरी वाचलं, तो कोणता?

खडकवाली

तोच, पेसाह. अनास म्हणजे आंबवलेल्या आंबट पाण्याचं मडकं, स्वयंपाकात वापरत. सणाचे आठ दिवस ते झाकून ठेवायचं, म्हणून अनाशी ढाकाचा सण. आमची सगळी जुनी नावं अशीच घरातली. कोणी वरून दिलेली नाहीत, बायकांच्या कामातून पडलेली. किप्पुर म्हणजे दरफळणीचा सण: दारं लावून, पांढरे कपडे, कडक उपास, कोणाला शिवायचंही नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्म आणि भेटीगाठी. तिशा बाव म्हणजे बिरड्याचा सण, वालाचं बिरडं. शाळेत बाई फळ्यावर एका बाजूला हिब्रू नाव लिहायच्या, दुसऱ्या बाजूला हे. जोड्या लावा!

हनुक्काला मात्र जुनं मराठी नाव नाही. तो सण आपल्याकडे मागाहून आला, कोकणात आपल्या लोकांना तो ठाऊकच नव्हता. शाळेत काचेच्या पेल्यांत पाणी आणि वर खोबरेल, वाती आम्ही मुलींनी वळलेल्या. आठ दिवस वर्गात खोबरेलाचा वास.

कुकर लावायचाय, हलव्याचं रात्री लिहिते.

भायखळ्याची

आमच्याकडे शाळेला रोश हशाना, किप्पुर, सुक्कोत सगळ्याची सुट्टी, शिवाय ईद, दिवाळी. मावसबहिणी जळायच्या. मला वाटायचं सगळ्यांनाच इतके सण असतात.

पेन्शनर_ठाणे

1951 साली भारतात सव्वीस हजारांवर ज्यू होते. 2011 च्या जनगणनेत 4,650. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, चांगलंच झालं, पण तोवर आमच्या बिल्डिंगमधलं शेवटचं कुटुंब गेलं होतं. जाताना त्यांनी दाराच्या चौकटीवरची मेझुझा (धर्मवचनांची छोटी डबी) काढून नेली. तिथे रंगाचा एक उभा पट्टा राहिला. नवीन भाडेकरूने रंग लावताना मला विचारलं हे काय होतं. मी अर्धा तास सांगत होतो, त्याची बादली वाळली.

सौ_वरणभात

काका 🙏

रेवदंडा_एक्स्प्रेस

शाळेचा अनुभव नाही पण मशीद बंदर स्टेशनचं नाव सॅम्युएल स्ट्रीटवरच्या सिनेगॉगवरून पडलं म्हणतात ना? 1796 चं शार हाराहामिम. बेने इस्रायल लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. मी दहा वर्षं त्या स्टेशनवर उतरतोय.

तिसरी_ब

हो, जुनी मशीद. आमचे बाकावरचे दोघे तिथलेच, इस्रायल मोहल्ल्यातले. @खडकवाली तुम्ही मुंबईतल्या खडक भागातल्या म्हणजे अगदी जवळ.

खडकवाली

पाच मिनिटं चालत. बाबा शुक्रवारी संध्याकाळी मला खांद्यावर घेऊन जायचे.

आता हलवा. लिहून घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. वाटून, गाळून चीक काढायचा. त्यात नारळाचं दूध, जाड आणि पातळ दोन्ही, आणि साखर. गाईचं दूध नाही, कारण सणाच्या जेवणात मटण असतं आणि दूध-मटण एकत्र चालत नाही. जाड बुडाचं पातेलं, आणि ढवळत राहायचं, हात थांबला की लागतो. दोन-अडीच तास. वेलची, जायफळ, गुलाबी रंग. ताटात ओतून वर बदामाचे काप. हल्ली चायना ग्रास घालून अर्ध्या तासात करतात. मीही करते, गुडघे दुखतात. पण चिकाचा जो लवचिकपणा आहे तो त्यात नाही.

शाळेत सणानंतर प्रत्येकीच्या डब्यात हलवा असायचा आणि रंगावरून घर ओळखू यायचं. चपलेला पिन लावणारीच्या घरचा सगळ्यांत गडद, जवळजवळ लाल.

दिमोनाहून

खडकवाली ताई, एक विचारू? तुमची ती मैत्रीण चौथीत गेली म्हणता, साधारण कोणतं साल? इथे आमच्या सिनेगॉगमध्ये एक बाई आहेत, माझगावच्या शाळेतल्या. रोश हशानाला त्यांचा हलवा लालभडक असतो, सगळे चिडवतात.

खडकवाली

1966.

तिच्या उजव्या भुवईवर खोक होती. शाळेच्या जिन्यावरून पडलेली.

दिमोनाहून

आता इथे दुपार आहे, त्या झोपतात. चार वाजता जाऊन बघते.

सकाळची_पाळी

कोणीही धागा बंद करू नका!!

मोदकप्रेमी

मी गहू भिजत घातले.

खडकवाली

नऊवारी शेजारच्या मुलाबरोबर पाठवतेय, तो गुरुवारी निघतोय. पिशवीत सेफ्टी पिनांचं एक पाकीट जास्तीचं टाकलंय.