आरक्षण एकाच्या डोक्यावर, भाव शेजाऱ्याचा
शहराच्या आराखड्यात रस्त्या-बागेसाठी जमिनीवर आरक्षण पडतं, त्यात एकाची जमीन जाते आणि शेजारच्याच्या जमिनीचा भाव वाढतो, म्हणून नियोजनच नको, असं काही जण म्हणतात. त्यातला पहिला मुद्दा खरा आहे. पण म्हणून नियोजनच नको, हे पटत नाही. टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरतात, रस्ते-बागांसाठी प्रत्येकाकडून थोडी घेतात आणि उरलेली नीट आखून, रस्त्याला लागून परत देतात. पुण्याला हे नवीन नाही. यासाठीचा मुंबई प्रांताचा कायदा १९१५चा. शिवाजीनगरच्या जुन्या घरांच्या पत्त्यात 'फायनल प्लॉट' दिसतो, म्हणजे असा आखून परत दिलेला तुकडा, तो त्यातूनच आलेला.

नियोजन नसलं की काय होतं, ते आम्ही बघतो. आम्ही पुण्याच्या धायरीत राहतो, गुंठ्यांनी विकलेल्या शेतात. प्रत्येकाने आपापल्या बांधापर्यंत भिंत घातली. पाण्याचा टँकर आत येतो तो रिव्हर्समध्येच. आईला न्यायला आलेली रुग्णवाहिका कोपऱ्यावरच थांबली, तिथपर्यंत आईला आम्ही खुर्चीवर बसवून उचलून नेलं.