साभार परत आलेली पहिली कथा: तुमचे अनुभव सांगा

अनुस्वार:
जुना संगणक देऊन टाकण्याआधी त्यातल्या फायली चाळत असताना काल ‘कथा अंतिम खरोखर अंतिम’ या नावाची एक फाईल हाती लागली आणि सर्जनशील लेखनाच्या वर्गातले ते दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले. तीनशे शब्दांची मर्यादा होती आणि माझी कथा ६१२ शब्दांची होती. निवृत्त शिक्षिका रिकाम्या खोलीत जुना हजेरीपट मोठ्याने वाचते, एवढेच तिच्यात घडत होते. पावसाचे वर्णन गेले, शिक्षिकेचे बालपण गेले, शेजारीण गेली आणि कथा २९८ शब्दांवर आली. शेवटचे वाक्य मात्र मी जिवापाड जपले होते: ‘कारण आता हाक मारायला तिच्याजवळ दुसरे कोणीच उरले नव्हते.’ वर्ग घेणाऱ्या बाईंनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. मला वाटले, त्यांना ते आवडले.

कथा मी तशीच एका नियतकालिकाकडे पाठवली. चार महिन्यांनी ती साभार परत आली आणि छापील मजकुराच्या खाली कोणीतरी हाताने लिहिले होते: ‘शेवटचे वाक्य नसते, तर विचार केला असता.’ लघुतम कथा लिहायला शिकताना आणि ती पहिल्यांदा बाहेर पाठवताना तुमचे काय झाले, ते वाचायला आवडेल.

शेवटचा बाक:
आमच्या पहिल्याच तासाला सरांनी अमेरिकन लेखक हेमिंग्वेची म्हणून ती सहा शब्दांची कथा फळ्यावर लिहिली, न वापरलेल्या तान्ह्या बुटांच्या जाहिरातीची. सगळा वर्ग हळहळला आणि पुढचे दोन आठवडे आम्ही सर्वांनी मेलेल्या बाळांवर कथा लिहिल्या. ती हेमिंग्वेची असल्याचा कोणताही पुरावा नाही, तशा आशयाच्या जाहिराती आणि मजकूर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वृत्तपत्रांत सापडतात आणि हेमिंग्वेचे नाव त्या कथेला छापील स्वरूपात चिकटले ते १९६१ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर कितीतरी वर्षांनी, हे मला फार नंतर कळले. सरांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘मग लेखकाचे नाव काढून वाच आणि कथा उरते का ते बघ.’ उरली, पण निम्मीच.

काना मात्रा:
शब्दमोजणीवर कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा मराठीत एक शब्द आहे आणि इंग्रजीत त्याचे सहा-सात होतात. माझी नेमकी शंभर शब्दांची शतशब्दकथा मीच इंग्रजीत नेली, तेव्हा ती १४३ शब्दांची झाली. तिथल्या ‘ड्रॅबल’ प्रकारात शब्द बरोबर शंभरच लागतात, त्यामुळे त्रेचाळीस शब्द उपटताना कथेतला आजोबा गेला आणि फक्त त्याची काठी उरली. खरे सांगायचे तर काठी अधिक चांगली निघाली. तो आजोबा मी मराठीतूनही काढून टाकला.

शेवटचा बाक:
काना मात्रा, आजोबांना भावपूर्ण श्रद्धांजली.

समासातली:
लिहिणे आम्हाला नीट शिकवले गेले, पाठवणे कोणी शिकवले नाही. मी एकच कथा एकाच आठवड्यात चार ठिकाणी पाठवली आणि कोणालाही तसे कळवले नाही. दोन ठिकाणांहून स्वीकृती आली. पहिल्या संपादकांना होकार देऊन दुसऱ्यांना कथा मागे घेत असल्याचे कळवले, तेव्हा त्यांची पाने लागून झाली होती आणि माझ्या कथेच्या जागी त्यांना ऐन वेळी दुसरे काहीतरी शोधावे लागले. त्यांचे उत्तर दोनच ओळींचे आणि अत्यंत सभ्य होते, म्हणूनच ते अजून बोचते. अनेक ठिकाणी एकाच वेळी पाठवायला पुष्कळ नियतकालिकांची हरकत नसते, परंतु तसे आधी सांगावे लागते आणि एकीकडे निवड होताच बाकीच्यांना त्याच दिवशी कळवावे लागते. तेव्हापासून मी एक तक्ता ठेवते: कथा, कुठे पाठवली, कोणत्या तारखेला, उत्तर काय आले.

दुसरी चूक त्याहून बाळबोध होती. आवडलेली कथा मी स्वतःच्या फेसबुकच्या भिंतीवर टाकली आणि मग एका मासिकाकडे पाठवली. बहुतेक नियतकालिकांना प्रथम प्रकाशनाचा हक्क हवा असतो आणि समाजमाध्यमावर सर्वांना दिसणारी कथा अनेकांच्या लेखी प्रकाशितच असते. तीस जणांच्या पसंतीसाठी मी तो हक्क खर्चून बसले होते.

मुद्रितशोधक:
मी पलीकडच्या बाजूने लिहितो. अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून आम्ही वार्षिकांक काढत असू आणि आलेल्या साहित्याचा गठ्ठा वाचण्याचे काम माझ्याकडे होते. एका संध्याकाळी चाळीस लघुतम कथा वाचल्या, तर त्यांतल्या अकरा कथांत निवेदक शेवटी मेलेला निघाला. बाराव्या कथेत तो पहिल्याच वाक्यात मेला होता आणि मी कृतज्ञतेने ती पुढे पाठवली. नाकारलेल्या कथा वाईटच असतात असे मुळीच नाही; पावसावरची एक चांगली कथा आधीच घेतलेली असल्यामुळे दुसरी तितकीच चांगली कथा आम्ही परत केली आणि छापील उत्तरात तसे लिहायला जागा नव्हती.

आणखी एक विनंती: कथा युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फाँटमधली फाईल आमच्याकडे उघडली की रफार कुठल्या कुठे जाऊन बसायचे आणि मी अर्धी रात्र ‘पूर्वी’ची ‘पुवी’ झालेली दुरुस्त करत असे.

कोरा कागद:
मी नवीन आहे. एका ठिकाणी कथा संग्रहात घेण्यासाठी माझ्याकडूनच रक्कम मागत आहेत. हे असेच असते का?

समासातली:
कोरा कागद, वाचनशुल्क, म्हणजे आलेली कथा वाचून पाहण्याचे पैसे, घेणारी नियतकालिके असतात आणि ते द्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु निवड झाल्यावर छापण्यासाठी लेखकाकडून पैसे मागितले जात असतील, तर ती निवड नसून विक्री आहे. संग्रहाच्या किती प्रती निघणार, त्या कोण विकणार आणि हक्क कोणाकडे राहणार, हे लेखी विचारा. उत्तर येते की नाही, तेच पाहा.

तळटीप:
थोडे पुस्तकी बोलतो, क्षमस्व. लघुतम कथेचे ‘फ्लॅश फिक्शन’ हे इंग्रजी नाव रुळवले ते १९९२ मध्ये अमेरिकेत निघालेल्या, ७२ कथांच्या त्याच नावाच्या संकलनाने. संपादकांचा मापदंड मला फार आवडतो: कथा समोरासमोरच्या दोन पानांत मावावी, म्हणजे साधारण साडेसातशे शब्द, आणि वाचकाला पान उलटावे लागू नये. नाव नवीन असले, तरी प्रकार जुनाच आहे. जपानमध्ये कादंबरीकार कावाबाता १९२०च्या दशकापासून ‘तळहातावरच्या कथा’ लिहीत होते आणि फाळणीवरचे उर्दू कथाकार मंटोंचे काही ओळींचे तुकडे १९४८ मध्ये पुस्तकरूपाने आले. मंटो वाचल्यावर मी माझ्या कथांतले ‘अचानक’ हे सगळे शब्द खोडले. एकूण सतरा निघाले.

अनुस्वार:
सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी त्या फाईलमधले शेवटचे वाक्य काढले आणि २८९ शब्द उरले. कथा आता ‘हजर,’ असे ती स्वतःच म्हणते, तिथे थांबते. बाईंची पेन्सिलीची रेघ कशासाठी होती, हे कळायला मला चौदा वर्षे लागली. पुन्हा पाठवतो आहे, या वेळी एकाच ठिकाणी. सोबतच्या पत्रात कथेविषयी काय लिहावे?

मुद्रितशोधक:
काहीही नाही. कथेचे नाव, शब्दसंख्या आणि ती अप्रकाशित असल्याचे एक वाक्य एवढे पुरे. आणि फाईलचे नाव बदला.